समाविष्ट गावात राहताना: पुण्याच्या वेशीवरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंहगड रस्त्याच्या पलीकडे, आता पुणे महापालिकेत आलेल्या एका गावात मी 11 वर्षं राहतोय. त्यातली 6 वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून गेली. फ्लॅट बघायला येणारी कुटुंबं, नवे भाडेकरू, नात्यातली मुलं, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात आणि मी वॉचमनच्या टेबलाशी उभा राहून तीच उत्तरं देत असतो. ती एकदाची लिहून काढली आहेत.

समाविष्ट गाव म्हणजे नक्की काय? गाव की शहर?

सात-बारावर गाव आणि मिळकत कराच्या बिलावर शहर. पुणे महापालिका 1950 साली स्थापन झाली आणि तेव्हापासून तिची हद्द टप्प्याटप्प्याने सरकत आली. 1997 मध्ये 38 गावं आत घेतली. गावांचा विरोध झाला, तेव्हा 2001 मध्ये त्यातली 15 गावं पूर्ण आणि 5 अंशतः बाहेर काढली. मग ऑक्टोबर 2017 मध्ये धायरी, आंबेगाव, उंड्री, लोहगाव, फुरसुंगी वगैरे धरून 11 गावं घेतली, आणि 30 जून 2021 रोजी आणखी 23: नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, वाघोली, मांजरी बुद्रुक आणि इतर. त्या दिवशी पुणे महापालिका क्षेत्रफळात 500 चौरस किलोमीटरच्या पुढे गेली आणि मुंबईलाही मागे टाकलं. पेपरात त्याचं मोठं कौतुक झालं होतं. आमच्याकडे त्या दिवशी सहा टँकर आले, आदल्या दिवशीसारखेच.

लक्षात घ्यायची गोष्ट अशी की 1997 पासून 2021 पर्यंत हा आत-बाहेरचा घोळ चालू असताना इमारती थांबल्या नव्हत्या. बाहेर राहिलेल्या पट्ट्यात जमीन स्वस्त होती, हिंजवडी आणि हडपसरला नोकऱ्या होत्या, महामार्गाचा बाह्यवळण रस्ता जवळ होता. 2001 ते 2011 या काळात पुणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे 25 लाखांवरून 31 लाखांवर गेली, तर शेजारच्या पिंपरी-चिंचवडची 10 लाखांवरून 17 लाखांवर. हद्दीबाहेरच्या गावांचा हिशेब यात धरलेलाच नाही. आणि 2021 ची जनगणना झालीच नसल्यामुळे पाण्याचं, शाळांचं, दवाखान्यांचं नियोजन आजही 2011 च्या आकड्यांवरून अंदाज बांधत चालतं.

गाव महापालिकेत आलं, मग नळाला पाणी का नाही?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर थोडं लांबण आहे.

आधी सकाळचं दृश्य सांगतो. पावणेसहाला पहिला टँकर गेटवर येतो. रिव्हर्स घेताना त्याचा भोंगा वाजतो, आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी त्या भोंग्यालाच गजर मानतात. ड्रायव्हर खाली उतरतो, चार इंची पाइप ओढत जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाशी आणतो. वॉचमन आधी काठी बुडवून पातळी बघतो, मग वहीत गाडीचा नंबर, वेळ आणि सही. काठीवर खुणा केल्या आहेत, कारण एकदा महिनाभर आमच्या टाकीत दहा हजार लिटरच्या बिलावर साडेआठ हजार लिटर उतरत होते. कळलं तेव्हा टँकरवाला म्हणाला, "साहेब, वाटेत खड्डे आहेत, हेंदकाळतं." आता काठी आहे.

हिशेब साधा आहे. शहरी माणसाला रोज 135 लिटर हे सरकारी माप. आमचे 112 फ्लॅट, घरटी चार माणसं धरली तर रोज साठ हजार लिटर लागतात, म्हणजे सहा टँकर. पावसाळ्यात बोअर दोन टँकरचं काम करतो. मार्च लागला की त्यातून वारा येतो.

आता महापालिका पाणी का देत नाही? कारण पाणी देणं म्हणजे नळजोड देणं नव्हे. धरणातून पाणी उचलायचं, शुद्धीकरण केंद्र वाढवायचं, मुख्य जलवाहिनी टाकायची, उंचावर टाकी बांधायची, टाकीसाठी आधी जागा ताब्यात घ्यायची, मग गल्लोगल्ली वितरणाच्या वाहिन्या. आपल्या गावात टाकीला जागा ठेवायची तर ती 20 वर्षांपूर्वी आरक्षित करायला हवी होती. तेव्हा गाव हद्दीत नव्हतं. आज त्या जागांवर स्टिल्ट अधिक सात मजले उभे आहेत. आधी माणसं राहायला आली, मग हद्द आली, मग आराखडा आणि सगळ्यात शेवटी पाइप. या पानावरच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ याच उलट्या क्रमात आहे.

पुण्याला तर चार धरणं आहेत. पाणी कमी पडतंच कसं?

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर, चौघांची मिळून साठवण 29.15 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे साधारण 2,830 कोटी लिटर. ऐकायला भरपूर आहे. पण हे पाणी एकट्या पुण्याचं नाही. याच साखळीतून निघालेला कालवा हवेली, दौंड, इंदापूरकडच्या शेतीला जातो, आणि दर उन्हाळ्यात कालवा समितीच्या बैठकीत शहर विरुद्ध शेती ही ओढाताण ठरलेली असते. महापालिका मंजूर कोट्यापेक्षा जास्त पाणी उचलते ही जलसंपदा खात्याची तक्रार जुनी आहे. खालच्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर ती अजिबात खोटी वाटत नाही.

दुसरी बाजू गळतीची. उचललेल्या पाण्यातला मोठा वाटा वाटेतच जातो. जुन्या वाहिन्या, चोरीचे जोड, मीटरविना नळ. समान पाणीपुरवठ्याची योजना, म्हणजे नव्या टाक्या, नव्या वाहिन्या आणि मीटर, याच दुखण्यावर आहे, पण ती आखली तेव्हाची हद्द वेगळी होती. पूर्व भागासाठी भामा आसखेड धरणातून पाणी आणलं, ते 2021 च्या सुरुवातीला नगर रस्त्याकडे पोचलं. मधली कित्येक वर्षं धरणग्रस्तांच्या आंदोलनाने काम थांबत होतं, आणि त्यांचं म्हणणंही तेच होतं: आमचं पुनर्वसन आधी, तुमची जलवाहिनी नंतर.

टँकरचं पाणी प्यायला चालतं का?

नाही, थेट नाही. टँकर कुठे भरला हे विचारा. महापालिकेच्या भरणा केंद्रावरून भरलेला टँकर आणि कुठल्या तरी शेतातल्या विहिरीवरून भरलेला टँकर यांचा रंग एकच असतो.

जानेवारी 2025 मध्ये आपल्याच पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या भागात गिया बारे सिंड्रोमची साथ आली. आधी जुलाब, मग काही दिवसांनी पायांतलं बळ जाणं, काहींना थेट व्हेंटिलेटर. संशयित आणि निश्चित रुग्ण मिळून आकडा 200 च्या पुढे गेला. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. संशय पाण्यावर होता, आणि चर्चा गावाच्या विहिरीची होती. तिचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता नुसतं ब्लीचिंग करून घरोघर सोडलं जात होतं. खडकवासला धरणाची भिंत तिथून हाकेच्या अंतरावर. धरणाचं पाणी गावावरून पर्वतीच्या शुद्धीकरण केंद्रात जातं, शुद्ध होतं, आणि गाव विहिरीवर.

त्या महिन्यापासून आम्ही रोज ओटी टेस्ट करतो. छोट्या बाटलीत नळाचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन आहे. पिवळं नाही झालं तर टाकीत मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं औषध, आणि ग्रुपवर निरोप: उकळून प्या. हे काम आमच्याकडे नववीतला एक मुलगा करतो, आणि इतक्या इमानाने करतो की चेअरमनलाही उठवतो.

बिल्डर म्हणतो पाण्याची हमी आहे. विश्वास ठेवू का?

हमीपत्र असतंच. महापालिकेचं पाणी मिळेपर्यंत पाण्याची सोय विकसक करेल, असं लिहून घेऊनच या भागात परवानग्या दिल्या गेल्या. प्रश्न असा की हमी किती दिवसांची. सोसायटी स्थापन झाली, हिशेबाच्या फायली हातात आल्या, की टँकरचं बिल सोसायटीचं. आमच्या बिल्डरने ताबा दिल्यावर 14 महिने टँकर घातले, पंधराव्या महिन्यात फोन उचलणं बंद केलं.

फ्लॅट बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, तेव्हा टाक्या भरलेल्या असतात आणि कारंजी चालू. मे महिन्यात, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी सहाला जा आणि गेटवर किती टँकर लागलेत ते मोजा. शेजारच्या जुन्या सोसायटीत महिन्याचा देखभाल खर्च किती आणि त्यात पाण्याचा वाटा किती, एवढं विचारा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मंजुरी दिसते, ती बघाच. आणि भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेऊ नका. हे सगळे सांगतात, तरी अर्धे लोक मुहूर्त साधायला घेतात.

गुंठ्यात जागा घेऊन घर बांधलं तर?

स्वस्त पडतं म्हणून लोक घेतात, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. रिक्षा चालवणारा, कंपनीत कंत्राटावर असणारा माणूस 60 लाखांचा फ्लॅट कुठून घेणार? एक-दोन गुंठे घ्यायचे, दहा-अकरा जणांनी मिळून एकच खरेदीखत, सात-बारावर सामाईक नावं, आणि चुन्याच्या फक्कीने आखलेले प्लॉट. जमिनीचे लहान तुकडे पाडून विकायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदीच्या कायद्याला वळसा घालायची ही जुनी रीत. अडचण पुढे येते. कर्ज मिळत नाही, एकाला विकायचं तर बाकीच्यांच्या सह्या, ड्रेनेजला वाट नाही. गुंठेवारीचा 2001 चा कायदा आहे आणि 2021 च्या सुधारणेने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित करायला वाव दिला. पण शुल्क भरून कागद नियमित होतो, आठ फुटी बोळ रुंद होत नाही. तिथे अग्निशमनाची गाडी वळत नाही.

रस्ता मध्येच रुंद आणि मध्येच अरुंद का?

कारण तो रस्ता नाही, पाणंद आहे. बैलगाडीच्या मापाची. गावात शेतं होती तेव्हा बांधाला बांध लावून जी वाट जायची, तिच्यावर आधी मुरूम पडला, मग डांबर. ज्याने जमीन बिल्डरला दिली तिथे इमारतीसमोर रस्ता 40 फूट सोडलेला असतो. पुढच्या शेतकऱ्याने दिली नाही, की पुन्हा 12 फूट. अजून एखाद्याची कोथिंबीर तग धरून आहे, तिथे दोन कार समोरासमोर आल्या की एकाने मागे जायचं. कोण जाणार यावर रोज सकाळी पावणेनऊला परिसंवाद भरतो.

आराखड्यातला रुंद रस्ता प्रत्यक्षात यायला जमीन ताब्यात यावी लागते, आणि मालकाला रोख मोबदला हवा असतो, टीडीआर, म्हणजे पैशांऐवजी मिळणारा बांधकामाचा हक्क, नको असतो. त्याचं चूक म्हणता येत नाही. कात्रज-कोंढवा रस्ता 84 मीटर रुंद होणार होता. भूसंपादन जमेना, तेव्हा आधी 50 मीटर करायचं ठरलं.

मेट्रोने फरक पडला का?

मेट्रोशेजारी राहणाऱ्यांना पडला. मार्च 2022 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, सप्टेंबर 2024 मध्ये गाडी भुयारातून स्वारगेटला पोचली. आमच्यासाठी स्वारगेट गाठणं हाच प्रवास आहे. पीएमपीची बस वेळेवर आली तर ती मेट्रोपेक्षा जास्त उपयोगी, पण शहराच्या मानाने बस कमीच आहेत. सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात 2018 च्या सुमारास वाहनांची नोंद माणसांपेक्षा जास्त झाली होती. हौस म्हणून कोणी दुसरी गाडी घेत नाही. मुलाला क्लासला आणि मुलीला कॉलेजला कशाने पाठवायचं, हा प्रश्न असतो.

पाऊस पडला की चौकात ओढा का वाहतो?

कारण तिथे ओढाच होता. पुण्याच्या दक्षिणेला कात्रजचे डोंगर. तिथून निघणारा आंबिल ओढा पेशवाईतही डोकेदुखी होता. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीखाली तळं बांधताना त्याला वळवलं, आणि कात्रजला तलाव बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळातून पाणी आणलं. अडीचशे वर्षांपूर्वी पाणी आधी आणि वाडे नंतर, असा क्रम निदान काही ठिकाणी होता.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रज भागात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि आंबिल ओढ्याला लोंढा आला. अरण्येश्वरजवळ भिंत पडली, गाड्या एकमेकींवर चढल्या, शहर आणि परिसरात 20 हून अधिक माणसं गेली. वरच्या डोंगरावर फोडलेले उतार, ओढ्यात टाकलेला राडारोडा, पात्रावर बांधलेल्या भिंती, यांचा हिशेब पाण्याने एका रात्रीत मांडला. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचं पाणी घरांत शिरलं. खडकवासल्यातून रात्री विसर्ग वाढवला होता.

फ्लॅट घेताना विचारायचे दोन शब्द: निळी पूररेषा आणि लाल पूररेषा. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या पुराची. आणि गावातल्या जुन्या माणसाला एकच विचारा: इथे पूर्वी काय होतं? "इथं आमी म्हशी धुवायचो" असं उत्तर आलं तर तळमजला घेऊ नका.

आपला कचरा जातो कुठे?

घंटागाडी किंवा 'स्वच्छ'च्या ताई नेतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 ची, तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था 2008 मध्ये उभी राहिली. पुण्याने जगाला दाखवावी अशी ही गोष्ट आहे, आणि तरी महिन्याचे पैसे मागायला आल्यावर दार न उघडणारी घरं प्रत्येक मजल्यावर आहेत.

पुढचा प्रवास बघायचा तर उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जा. शहराचा कचरा तिथे वर्षानुवर्षं पडला. विहिरी नासल्या, लोकांनी गाड्या अडवल्या. 2017 मध्ये ही दोन्ही गावं महापालिकेत घेतली, आणि 2024 मध्ये वेगळी नगरपरिषद करून बाहेर काढली. कचऱ्याचा डोंगर मात्र जागेवरून हलला नाही.

सोयी नसताना पूर्ण मिळकत कर का भरायचा?

कायद्यात समाविष्ट गावांना कर टप्प्याटप्प्याने वाढवायची सोय आहे, एकदम शहराचा दर लागत नाही. तरी ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची सवय असलेल्याला पहिलं बिल बघून घाम फुटतो. स्वतः राहत असाल तर 40 टक्के सवलतीसाठी पीटी-3 अर्ज भरा. भाड्याने दिलं असेल तर ती मिळत नाही. माझं मत विचाराल तर कर भरा आणि पावती हातात धरून भांडा. थकबाकीदाराचं कोणी ऐकत नाही.

तक्रार करायची कोणाकडे?

इथे गंमत आहे. जून 2021 मध्ये 23 गावं आली तेव्हा ग्रामपंचायती बरखास्त झाल्या, म्हणजे सरपंच गेले. मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. पुढची निवडणूक जानेवारी 2026 मध्ये झाली. मधली चार-साडेचार वर्षं या गावांना सरपंच नव्हता आणि नगरसेवकही नव्हता. त्यात बांधकाम परवानगीचं काम पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि पाणी, रस्ता, कचऱ्याचं महापालिकेकडे. परवानगी देणाऱ्याला पाणी द्यायचं नाही आणि पाणी देणाऱ्याला परवानगीचा अधिकार नाही. एका ड्रेनेजच्या चेंबरसाठी आम्ही तीन कार्यालयं फिरलो. तिन्हीकडे माणसं सौजन्याने बोलली आणि शेजारच्या कार्यालयाचा पत्ता दिला.

पूर्वी सरपंचाच्या घरासमोर जाऊन ओरडता यायचं. आता ॲपवर तक्रार नोंदवा, टोकन क्रमांक जपून ठेवा, फोटो जोडा, आणि क्षेत्रीय कार्यालयात कनिष्ठ अभियंत्याला प्रत्यक्ष भेटा. फोटोत शेजारच्या खांबाचा क्रमांक येऊ द्या, नाहीतर दुसऱ्याच खड्ड्याचा फोटो लावून तक्रार बंद होते.

हे पुण्यातच आहे का?

नाही. बंगळुरूने 2007 मध्ये भोवतालची 110 गावं महापालिकेत घेतली, आणि त्यांच्यासाठीचं कावेरीचं पाणी ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालं. मधली 17 वर्षं बोअर आणि टँकर. जाकार्तात नळ न पोचलेल्या वस्त्यांनी आणि इमारतींनी जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं की शहराचा उत्तर भाग खचत समुद्राखाली चालला. इंडोनेशियाने 2022 मध्ये राजधानी हलवायचा कायदाच केला. राजधानी हलवता येते, तिथल्या गल्लीतल्या माणसाला हलता येत नाही. आमच्या बोअरची खोली दर दोन-तीन वर्षांनी वाढवताना मला ते शहर आठवतं.

मूळ गावकरी आणि सोसायटीवाले यांचं जमतं का?

जमतं तसं. भैरवनाथाच्या जत्रेला वर्गणी दिली की बरंच जमतं. आपण त्यांना "लोकल" म्हणतो आणि ते आपल्याला "फ्लॅटवाले", दोन्ही शब्दांत थोडी कुसळं आहेत. एक खरं की जमीन विकून सगळे श्रीमंत झाले हा समज चूक आहे. भावकीत वाटे पडून कोणाला दोन फ्लॅट मिळाले, कोणाला कोर्टाची तारीख. आमच्या टँकरचा एक ड्रायव्हर याच गावचा आहे. आमची बी विंग जिथे आहे तिथे त्याच्या चुलत्याची विहीर होती, पाडव्यापर्यंत आटत नसे. बुजवताना तो तिथे उभा होता म्हणे.

टाकी कधी धुणार?

पुढच्या रविवारी. सकाळी 10 ते दुपारी 4 पाणी बंद राहील, शनिवारी रात्रीच भरून ठेवा. मागच्या वेळी तळाशी वीतभर गाळ निघाला होता, म्हणून या वेळी दोन माणसं जास्त सांगितली आहेत. पहिला टँकर त्या दिवशी पावणेसहाला येणार नाही, पहिल्या मजल्यावरच्या आजींना कोणीतरी कळवा.